उतार

काच तीन फूट, एका कोपऱ्यात सिलिकॉन पिवळं पडलेलं.
बी विंगच्या कुरियनांचे गप्पी मेल्यावर
ही टाकी जिन्याखाली पडून होती,
आत एक प्लास्टिकचा तुटका किल्ला.
किल्ला काढला. व्हिनेगरने घासली, सात पाण्यांनी विसळली,
उलव्याच्या उन्हात गच्चीवर दोन दिवस वाळवली.
साबण नाही, हे तनुषला चारदा सांगितलं.
ती अंगाने पाणी पितात.

लिफ्टच्या खड्ड्यात सापडले होते बेडूकमासे.
सोमवारी तिथे पंप लागणार होता.
आइस्क्रीमच्या डब्यातून वर आले तेव्हा नुसते स्वल्पविराम.
आता बावीस, प्रत्येकाला चार पाय,
तुरीच्या दाण्याएवढा देह,
शेपटीचा उरलेला तुकडा अंगातच जिरवत बसलेले.
आणि मला हे ठाऊक नव्हतं
की परवापर्यंत ज्या पाण्यात श्वास घेत होते
त्याच पाण्यात ते आता बुडून मरू शकतात.

दुकानातला मुलगा म्हणाला, पॅलुडेरियम करा.
अर्धं पाणी, अर्धी जमीन.
मी एका बाजूला खडी ओतली, कोळसा, वर काथ्या.
दुसरीकडे पाणी.
मधे कड राहिली, बोटभर उभी.

मागे सासरे येऊन थांबले.
हसुराम घरत. एकतीस हंगाम
मिठागरात फळी ओढलेला माणूस.
"कड कशाला उभी ठेवलीस गो?
पोरां बुरतील. ढाळ कर."
बाह्या वर सारल्या, आणि हात मधेच थांबला.
"हाताला मीठ आसल."

आगर बंद होऊन वीस वर्षं झाली.
तरी बेसिनशी जाऊन त्यांनी हात धुतले,
परत धुतले,
नखांखालून काडी फिरवून तिसऱ्यांदा धुतले.
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेही चालत नाही, मी म्हटलं.
चौदा वर्षांत माझं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं:
रात्रभर उघड्या ठेवलेल्या बादलीतून तांब्याभर घेऊन
चौथ्यांदा.

मग उकिडवे बसले.
बारीक खडी सगळी उपसायला लावली, गिळतील म्हणून.
तोंडात मावणार नाहीत असे गोल गोटे मागितले.
तळहाताच्या कडेने ओला काथ्या दाबत, थोपटत,
एक लांब तिरका ढाळ केला,
पाणी कुठे संपतं ते कळणार नाही असा.
मग पाण्यात बोट उभं धरलं. अर्धं पेर.
"लय झाला. बसल्यावं नाक वर पायजे."
वाटीने काढलं. परत बोट. परत वाटी.

कौलाचा एक तुकडा, सावलीला.
कुंपणाच्या भिंतीवरून खरवडलेलं पोस्टकार्डाएवढं शेवाळ.
झाकणाला मच्छरदाणी, भोवती जुन्या परकराची नाडी.
ओट्याखाली काळ्या केळ्यावर
मुद्दाम वाढू दिलेली चिलटं,
ज्यांना मी इतकी वर्षं मारत आले.

"आबा, तुमच्याकडे खरंच असं होतं?
इथे जमीन, इथे पाणी?"
"व्हता."
खिडकीबाहेर, टेकडी होती तिथे, दिवे लागत होते.
"खाजण मंतात तिला. ही बिनमिठाची."
आणि मग, "जाळीला हात लावलास? धू."

जरा मोठी झाली की सोडायची,
नाल्याच्या वरच्या अंगाला, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही.
जागा आबांनी बघून ठेवली आहे. कुठली ते सांगत नाहीत.

सकाळी तनुषने मोजले.
एकवीस.
कौल उचललं, गोटे बघितले, शेवाळाची कड उलटली,
पाण्यात बघायला मात्र कोणी धजेना.
एकवीस.
"बावीस हायेत," आबा चहा फुंकत म्हणाले, मान न वळवता.
रात्री किती वेळा उठले होते कोण जाणे.

ढाळाच्या मध्यावर, काथ्यात
त्यांच्या अंगठ्याचा एक खळगा राहून गेला होता.
थेंबभर पाणी साचलेलं.
त्यात बसला होता तो,
नाक वर,
गळा हलतोय.